आवडते गाणे दुसऱ्याला ऐकवताना : नाशिकमधील नव्या रसिकांसाठी

गाणे आवडले की ते कुणाला तरी ऐकवावेसे वाटते. हल्ली त्यासाठी फारसे कष्ट पडत नाहीत. ग्रुपवर लिंक टाकली की आपले काम झाले असे वाटते. परंतु लिंक पन्नास जणांपर्यंत पोहोचली, तिच्याखाली चार अंगठे उमटले आणि गाणे मात्र शेवटपर्यंत एकानेही ऐकले नाही, हा अनुभव मनापासून गाणे पाठवणाऱ्या कुणालाही नवा नाही. यात ऐकणाऱ्यांना दोष देता येत नाही. दिवसभरात आलेल्या ढीगभर निरोपांमध्ये हीच लिंक का उघडावी, हे पाठवणाऱ्याने सांगितलेलेच नसते.

ज्यांना गाण्याची गोडी अलीकडे लागली आहे, किंवा जे नोकरी-शिक्षणाच्या निमित्ताने नाशिकला नव्याने आले आहेत आणि आवडीची गाणी भरपूर असूनही ती ऐकवायला ज्यांच्याजवळ माणूस नाही, अशांसाठी हा लेख आहे. चार-सहा रसिकांनी महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमावे, प्रत्येकाने एक गाणे आणावे, ते सर्वांनी मिळून पूर्ण ऐकावे आणि मग त्यावर बोलावे, एवढीच या बैठकीची कल्पना आहे. त्यासाठी गाता येण्याची गरज नाही आणि रागांची नावे पाठ असण्याचीही नाही. थोडी पूर्वतयारी मात्र हवी, आणि ती कशी करावी हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

आधी माणसे शोधावीत

गाण्याची आवड असलेली माणसे नाशिकमध्ये मुबलक आहेत. प्रश्न असतो तो त्यांच्याशी बोलणे सुरू करण्याचा. महाकवी कालिदास कलामंदिर, गंगापूर रोडवरचे कुसुमाग्रज स्मारक, १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाचे परशुराम सायखेडकर नाट्यगृह, दिवाळीत पिंपळपारावर होणारी पाडवा पहाट, ही सारी रसिक भेटण्याची ठिकाणे आहेत. कार्यक्रम संपल्यावर प्रत्येकाला घरी जायची घाई असते, म्हणून मध्यंतराची वेळ गाठावी. शेजारी बसलेल्यांना "कसा वाटला कार्यक्रम?" असे विचारले तर "छान" एवढेच उत्तर मिळते आणि बोलणे तिथेच संपते. त्याऐवजी नेमका प्रश्न विचारावा.

"काका, आत्ता गायले तो राग कोणता होता?"

"पूरिया धनाश्री. तुम्ही नवीन दिसता. कुणाचं गाणं ऐकता एरवी?"

एवढ्यावर ओळख होते. जाणकार श्रोत्याला विचारलेले आवडते आणि नवख्याने विचारण्यात कमीपणा नाही. लगेच फोन नंबर मागू नये. दोन कार्यक्रमांना तीच व्यक्ती भेटली की मग बैठकीची कल्पना सांगावी. घराजवळच्या संगीत वर्गांतले विद्यार्थी, कार्यालयातला एखादा सहकारी, सोसायटीतल्या भजनी मंडळातल्या काकू यांनाही विचारावे. एकाच वयाची आणि एकाच आवडीची माणसे गोळा करण्याचा मोह टाळावा, कारण सगळेच भावगीतवाले जमले तर आपल्याला आधीच ठाऊक असलेली गाणी पुन्हा ऐकायला मिळतात आणि नवे काही हाती लागत नाही.

संख्या चार ते सहा ठेवावी. सहा जणांनी सरासरी सहा मिनिटांचे एकेक गाणे आणले आणि प्रत्येक गाण्यावर दहा मिनिटे बोलणे झाले, तर दीड तास सहज जातो. त्याहून अधिक वेळ कान ताजे राहत नाहीत.

एकच गाणे निवडावे

हा भाग सर्वांत अवघड आहे, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो. आवडत्या गायकाविषयी बोलायला मिळाले की नवखा रसिक पाच-सहा गाण्यांचे पहिले कडवे ऐकवतो आणि "हेही ऐका, हेही ऐका" करीत पुढे जातो. ऐकणाऱ्याच्या मनात त्यातले एकही गाणे राहत नाही. एक गाणे पूर्ण ऐकवले तर ऐकणारा उरलेली पाच आपणहून शोधतो.

निवड करण्यासाठी आधी तीन गाणी काढावीत आणि प्रत्येक गाणे एकट्याने, डोळे मिटून, दोनदा ऐकावे. दुसऱ्यांदा ऐकताना गाण्यातली नेमकी कोणती जागा आपल्याला आवडते, ती घड्याळात पाहून लिहून ठेवावी. "दोन मिनिटे दहा सेकंद, अंतऱ्याची सुरुवात" इतके नेमके लिहावे. ज्या गाण्यातली अशी जागा सापडत नाही ते गाणे वाईट असते असे मुळीच नाही. पण कदाचित ते आपल्याला कुणाच्या तरी आठवणीमुळे प्रिय असते. ती आठवण आपली आहे, ऐकणाऱ्याची नाही. म्हणून पहिल्या बैठकीसाठी जागा दाखवता येईल असेच गाणे न्यावे.

उदाहरण म्हणून सर्वांच्या कानावरचा एक अभंग घेऊ. 'तीर्थ विठ्ठल, क्षेत्र विठ्ठल' हा संत नामदेवांचा अभंग राम फाटक यांनी अहीर भैरव रागात बांधला आणि पंडित भीमसेन जोशी यांनी गायला. आषाढी आली की तो नाशिकमध्येही जागोजागी वाजतो, आणि इतका वाजतो की आपण तो ऐकेनासे होतो. आता त्याचे शब्द समोर ठेवून पाहावे. पहिल्या तीन कडव्यांत 'विठ्ठल' हे नाव बारा वेळा येते आणि त्या तीनही कडव्यांत क्रियापद एकही नाही. तीर्थ, क्षेत्र, देव, देवपूजा, माता, पिता, बंधू, गोत्र अशी नुसती नामे एकामागून एक येत जातात. 'नामा म्हणे मज विठ्ठल सापडला' या चौथ्या कडव्यात प्रथमच काहीतरी घडते. संगीतकार आणि गायक यांच्यापुढे इथे केवढे आव्हान आहे ते मग ध्यानात येते : तोच शब्द बारा वेळा म्हणायचा आणि तो एकदाही शिळा वाटू द्यायचा नाही. प्रत्येक 'विठ्ठल' कुठल्या स्वरावर येऊन थांबतो, कुठे तो ठामपणे उच्चारलेला आहे आणि कुठे आर्त होऊन लांबवलेला आहे, एवढेच ऐकायला सांगितले तरी वर्षानुवर्षे कानावरून गेलेला हा अभंग ऐकणाऱ्याला नव्याने भेटतो. रागाची माहिती असणाऱ्याने अहीर भैरवातला कोमल रिषभ दाखवावा; नसणाऱ्याने तो विषय काढला नाही तरी काही बिघडत नाही.

निवडताना ऐकणाराही डोळ्यांसमोर असावा. ज्याने शास्त्रीय संगीत कधी ऐकलेले नाही, त्याच्यापुढे पाऊण तासाचा विलंबित, म्हणजे अतिशय संथ लयीतला, ख्याल ठेवणे हे त्याच्यावर आणि त्या ख्यालावरही अन्यायकारक आहे.

नावे पूर्ण सांगावीत

"हे लताबाईंचे गाणे", "हे बाबूजींचे गाणे" असे म्हणण्याची आपल्याला सवय आहे. त्यात प्रेम असते, पण अर्धी माणसे गळून पडतात. माझ्या मते बैठकीत गाणे ऐकवणाऱ्याचे पहिले कर्तव्य म्हणजे कवी, संगीतकार आणि गायक ही तीन नावे नीट तपासून सांगणे. नाटकातले पद असेल तर नाटकाचे आणि नाटककाराचे नावही जोडावे. शास्त्रीय किंवा वाद्यसंगीत असेल तर तबला, हार्मोनियम, सारंगी यांच्या साथीला कोण आहे तेही सांगावे, कारण मैफल रंगवण्यात त्यांचा वाटा मोठा असूनही त्यांचा उल्लेख सर्वांत आधी वगळला जातो.

तपासणे का आवश्यक आहे, हे नाशिकशी संबंधित एका नाटकावरूनच दाखवता येईल. हं. प्रा. ठा. महाविद्यालयात शिकवणारे आणि नाशिकलाच स्थायिक झालेले वसंत कानेटकर यांचे 'मत्स्यगंधा' हे नाटक १९६४ साली रंगभूमीवर आले. त्याचे संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे. रामदास कामत यांनी गायलेले 'गुंतता हृदय हे' हे त्यातले पद कानेटकरांनी लिहिले आहे. मग त्याच नाटकात आशालता वाबगावकर यांनी गायलेले 'गर्द सभोवती रान साजणी' हे पदही त्यांचेच असणार, असे आपण सहज धरून चालतो. प्रत्यक्षात ती बालकवींची कविता आहे, आणि बालकवी तर १९१८ सालीच गेले. म्हणजे कवीच्या मृत्यूनंतर पंचेचाळीसहून अधिक वर्षांनी त्याचे शब्द रंगभूमीवर गायले गेले. एवढे एक वाक्य पद ऐकवण्यापूर्वी सांगितले, तर ऐकणारा त्या शब्दांकडे वेगळ्याच आस्थेने कान देतो.

नावे शोधण्यासाठी व्हिडिओच्या शीर्षकावर विसंबून राहू नये. ती पुष्कळदा चढवणाऱ्याने आठवेल तशी लिहिलेली असतात. ध्वनिमुद्रिकेचे किंवा सीडीचे वेष्टन मिळाले तर उत्तम. मराठी गाण्यांसाठी 'आठवणीतली गाणी' हा संकेतस्थळावरचा संग्रह उपयोगी आहे, कारण तिथे गाण्याच्या शब्दांसोबत गीत, संगीत, स्वर आणि पुष्कळ ठिकाणी रागही दिलेला असतो. अभंगात कवी स्वतःच आपली मुद्रा ठेवून जातो : 'तुका म्हणे', 'नामा म्हणे'. बंदिशीतही, म्हणजे रागात बांधलेल्या रचनेतही, तशीच खूण असते. 'सदारंग', 'प्रेमपिया', 'गुणिदास', 'रामरंग' असे शब्द बंदिशीत ऐकू आले तर ती अनुक्रमे नियामत खाँ, फैयाज खाँ, जगन्नाथबुवा पुरोहित आणि रामाश्रय झा यांची टोपणनावे आहेत हे समजावे. हे एकदा कळले की बंदिशीतली मुद्रा ओळखणे हाही ऐकण्याचा एक आनंद होतो. ग्रामोफोनच्या सुरुवातीच्या काळात तर गायक ध्वनिमुद्रणाच्या शेवटी स्वतःचे नाव मोठ्याने सांगत असत. भारतात १९०२ साली ज्यांचे ध्वनिमुद्रण झाले त्या गौहर जान यांच्या तबकड्यांवर ते आजही ऐकू येते.

कोणते ध्वनिमुद्रण न्यावे

जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन-साडेतीन मिनिटे वाजत असे. त्या मर्यादेत राग उभा करायचा म्हणजे गायकाला पहिल्या सुरापासून नेमके बोलावे लागे, आणि म्हणूनच नव्या श्रोत्यासाठी या तबकड्या सर्वांत चांगले प्रवेशद्वार आहेत, असे मला ठामपणे वाटते. नाशिककरांनी याची सुरुवात दत्तात्रेय विष्णु पलुस्कर यांच्यापासून करावी. त्यांचा जन्म २८ मे १९२१ रोजी नाशिकचाच. त्यांचे वडील विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, गाणे दरबारांबाहेर सामान्य माणसांपर्यंत नेण्यासाठी आयुष्य वेचले आणि उत्तरायुष्यात पंचवटीत रामनाम आधाराश्रम स्थापून इथेच वास्तव्य केले. दत्तात्रेय पलुस्कर अवघ्या चौतिसाव्या वर्षी, १९५५ साली गेले. पण त्यांच्या छोट्या तबकड्यांमधला निर्मळ आवाज आणि आटोपशीर मांडणी कुणालाही पहिल्याच श्रवणात कळते.

त्यांचेच आणखी एक ध्वनिमुद्रण बैठकीसाठी अतिशय उपयुक्त आहे. १९५२ सालच्या 'बैजू बावरा' या चित्रपटासाठी नौशाद यांच्या संगीत दिग्दर्शनाखाली त्यांनी उस्ताद अमीर खाँ यांच्यासोबत देसी रागात जुगलबंदी गायली. एकाच रागात, एकाच रचनेत दोन घराण्यांचे, म्हणजे गायकीच्या दोन परंपरांचे, दोन गायक पाठोपाठ ऐकायला मिळतात. "आता कोण गात आहे ते ओळखा" एवढेच सांगितले तरी नवखा श्रोता आवाजाचा पोत, तानेचा वेग आणि स्वर लावण्याची रीत यांकडे आपोआप लक्ष देऊ लागतो. घराणे या विषयावर व्याख्यान देण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी सोपा आहे.

ज्यांना गाण्यापेक्षा वाद्यांची ओढ आहे, त्यांच्यासाठी १९६७ सालची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका न्यावी. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरा यांची गिटार यांतून काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस उभा राहतो, आणि रागही पहाटेपासून पुढे प्रहरांच्या क्रमाने येतात. सगळी एका बैठकीत ऐकवू नये. एक भाग निवडावा.

खोली, वेळ आणि यंत्र

रविवारी सकाळी जमणार असाल तर तोडी, अहीर भैरव असे सकाळचे राग न्यावेत, आणि संध्याकाळी जमणार असाल तर मारवा, यमन. भावगीते किंवा चित्रपटगीते असतील तर वेळेचा प्रश्न येत नाही. संध्याकाळची बैठक साडेसहा-सातला सुरू करून नऊच्या आत संपवावी, म्हणजे सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या पहिल्या पाळीवाल्यांना सकाळी लवकर उठता येते आणि नाशिकरोडला परतणाऱ्यांनाही उशीर होत नाही. इमारतीत शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावे. गच्चीवर किंवा अंगणात ध्वनिवर्धक लावण्याला रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत कायद्याने बंदी आहे, आणि निवासी भागात दिवसासुद्धा आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. तसेही चांगल्या श्रवणाला मोठा आवाज लागत नाही, शांत खोली लागते.

खोली शांत करणे हे काम वाटते तितके सोपे नाही. उन्हाळ्यात कूलरचा घरघराट तानपुऱ्याला पूर्णपणे झाकून टाकतो. त्यामुळे खोली आधी गार करून घ्यावी आणि गाणे चालू असेपर्यंत कूलर बंद ठेवून पंखा मंद लावावा. कुकर आधीच लावून घ्यावा. चिवडा, भेळभत्ता गाणी संपल्यावर द्यावा. कोंडाजीचा चिवडा समोर ठेवून कुणी हात आवरावा ही अपेक्षा नाशिकमध्ये करता येत नाही, आणि आलापीच्या वेळी त्याचा कुरकुरीत आवाज सगळ्या खोलीला ऐकू जातो. चहाचा पहिला घोट घेऊनच बसावे.

फोनच्या स्वतःच्या छोट्या स्पीकरवर गाणे ऐकवू नये. त्यातून तानपुऱ्याची खर्जाची तार, डग्ग्याची घुमक, मृदंगाचा भरदारपणा जवळजवळ नाहीसा होतो आणि गाण्याचा वरचा पापुद्रा तेवढा उरतो. मध्यम प्रतीचा स्पीकर पुरेसा आहे. तो जमिनीवर किंवा कोपऱ्यात न ठेवता बसलेल्यांच्या कानांच्या उंचीवर, भिंतीपासून थोडा पुढे ठेवावा. कोपऱ्यात ठेवल्यास खालचे सूर नको इतके फुगतात. गाणे आदल्या दिवशीच उच्च दर्जात डाउनलोड करून ठेवावे, कारण नेट मंदावले की पुष्कळ ॲप आपण होऊन दर्जा कमी करतात. ऑटोप्ले (पुढचे गाणे आपोआप लावणे) आणि क्रॉसफेड (एक गाणे संपता संपता दुसरे त्यात मिसळणे) या दोन्ही सोयी बंद कराव्यात, नाहीतर भैरवीचा शेवटचा सूर विरण्याआधीच पुढचे भलतेच गाणे सुरू होते. फोन विमान मोडवर टाकून शक्यतो वायरने जोडावा. ब्लूटूथ वापरायचा असेल तर तो विमान मोडमध्ये पुन्हा चालू करता येतो. विमान मोड लावला नाही तर ऐन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कुणाच्या तरी फोनची घंटा स्पीकरमधून वाजते.

ऐकवण्यापूर्वी आणि ऐकवल्यानंतर

गाणे लावण्यापूर्वी बोलावे, पण थोडे. तीन नावे, गाणे कुठून आले ते, आणि कोणत्या जागेकडे लक्ष द्यावे, एवढे सांगितले की थांबावे. उदाहरणार्थ असे म्हणता येईल : "हा नामदेवांचा अभंग आहे. संगीत राम फाटक यांचे, स्वर भीमसेन जोशी यांचा. यात विठ्ठल हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. प्रत्येक वेळी तो कसा बदलतो तेवढे ऐका." गायकाचे चरित्र, त्याला मिळालेले पुरस्कार, आपण त्याला प्रत्यक्ष ऐकले तो प्रसंग, हे सारे नंतरसाठी ठेवावे. "असे गाणे पुन्हा होणे नाही" अशी स्तुती आधी करू नये. ऐकणाऱ्यावर आवडून घेण्याची जबाबदारी येते आणि त्याचे कान आखडतात.

गाणे चालू असताना ऐकवणाऱ्याने बोलू नये, बोट दाखवू नये, "आता येईल बघा" असे तर मुळीच म्हणू नये. उत्कट दाद आपोआप निघाली तर ती रोखण्याचे कारण नाही. आपली मैफलीची परंपराच दाद देण्याची आहे. परंतु दाद आणि समालोचन यांतला फरक सांभाळावा. गाणे संपले की थोडा वेळ तसाच जाऊ द्यावा आणि मग ज्याने गाणे आणले आहे त्याने नव्हे, तर बाकीच्यांनी आधी बोलावे.

इथेही प्रश्न नेमका असावा. "आवडले का?" याचे उत्तर शिष्टाचारापोटी "हो" असेच येते. "तुम्हाला काय ऐकू आले?", "कुठे लक्ष गेले?", "कोणती ओळ मनात राहिली?" असे विचारले की माणसे मोकळी होतात, आणि पुष्कळदा आपल्याला कधीच न दिसलेली जागा ती दाखवतात. एखाद्याला तबल्याचा ठेका ऐकू येतो, एखादीला श्वास घेण्याची जागा. ती जागा पुन्हा लावून सर्वांनी ऐकावी. एखादे गाणे कुणाला आवडले नाही तर त्याने तसे सांगावे, कारणासह सांगावे, आणि गाणे आणणाऱ्याने त्याचे समर्थन करीत बसू नये. आवडीला वाद घालून पटवता येत नाही. पुन्हा ऐकण्याची संधी तेवढी देता येते.

दुसऱ्याने आणलेले गाणे

आपले गाणे ऐकवण्याची जेवढी हौस, तेवढीच दुसऱ्याचे ऐकण्याची तयारी असेल तरच बैठक टिकते. नाशिक जिल्ह्याचा विचार केला तर हे आपोआप समजते. मालेगाव-सटाण्याकडून आलेला मित्र अहिराणी लग्नगीते आणील. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेल्या लोककवी वामनदादा कर्डक यांची भीमगीते ज्यांच्या घरात आणि वस्तीत रुजलेली आहेत, ते ती आणतील. महाविद्यालयातली मुलगी रॅप किंवा कोरियन गाणे आणील. ज्येष्ठांनी "हे काही गाणे नव्हे" असे म्हणू नये आणि तरुणांनी नाट्यपदावर हसू नये, हा नियम पहिल्याच दिवशी सर्वांसमोर सांगून टाकावा. मी या बाबतीत कठोर राहावे असे सुचवतो, कारण एकदा कुणी अपमानित होऊन घरी गेले की ते पुन्हा येत नाही.

भाषा सर्वांना कळत नसेल तर शब्दांचा सरळ अर्थ कागदावर लिहून आणावा. वामनदादांसारख्यांची गाणी ऐकताना ती कुठे गायली गेली, कुणासाठी गायली गेली हे समजून घेणे विशेष महत्त्वाचे आहे, कारण जलशात हजारोंच्या समुदायापुढे उभे राहून म्हणण्यासाठी लिहिलेले गाणे दिवाणखान्यात ऐकताना त्याचा मूळ आवाका कल्पनेने उभा करावा लागतो. गाणे आणणाऱ्याला ते ठाऊक असते. त्याला बोलू द्यावे.

पुढच्या बैठका

दोन-तीन बैठकांनंतर एखादा विषय घ्यावा. एकच राग हा सर्वांत सोपा विषय आहे. सुधीर फडके यांनी बांधलेले आणि गायलेले 'स्वये श्री रामप्रभू ऐकती' आणि किशोरी आमोणकर यांचे 'सहेला रे' ही दोन्ही भूप रागातली. सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर एकीकडे कथा सांगतात आणि दुसरीकडे आळवणी करतात, हे पाठोपाठ ऐकल्यावर राग म्हणजे काय हे पुस्तकाविना कळते. गीतरामायण हा तर पंचवटीच्या गावात स्वतंत्रच विषय होऊ शकतो. ग. दि. माडगूळकर यांची ही छप्पन्न गीते १ एप्रिल १९५५ पासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून दर आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित झाली. त्या मूळ प्रसारणात वेगवेगळ्या पात्रांसाठी वेगवेगळे गायक होते. पुढे बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, एकटेच सगळी गीते कार्यक्रमांत गात राहिले. एकच गीत दोन्ही रूपांत ऐकून पाहावे.

एक वही ठेवावी. तारीख, गाणे, तीन नावे, ते कुणी आणले, आणि त्यावर कुणी म्हटलेले एखादे लक्षात राहण्यासारखे वाक्य, एवढे पुरे. वही प्रत्येक वेळी यजमानाने लिहावी. गाण्यांच्या लिंक बैठकीनंतर ग्रुपवर टाकाव्यात. आता त्या उघडल्या जातात, कारण त्या का उघडायच्या हे सर्वांना माहीत असते.

प्रतींच्या बाबतीत काटेकोर राहावे. आपल्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे असतो, आणि कवी व संगीतकार यांचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे राहतात. त्यामुळे घरगुती बैठकीत गाणे ऐकणे वेगळे आणि त्याची फाइल शंभर जणांना वाटणे वेगळे. कुणाच्या खासगी मैफलीचे ध्वनिमुद्रण हाती आले असेल तर कलाकाराच्या किंवा कुटुंबीयांच्या परवानगीशिवाय ते पुढे पाठवू नये. हयात कलाकार आवडला तर त्याच्या कार्यक्रमाचे तिकीट काढून बैठकीतल्या सर्वांनी मिळून जावे. तबलावादकाला मध्यंतरात त्याच्या नावाने हाक मारून दाद द्यावी.

बैठक चांगली चालली की माणसे वाढतात. आठाहून अधिक जण नियमित येऊ लागले तर दोन बैठका कराव्यात, एक गंगापूर रोडकडे आणि एक नाशिकरोडकडे, अशी घरांच्या सोयीने विभागणी करावी, वहीची एक प्रत दोन्हीकडे ठेवावी आणि तीन महिन्यांतून एकदा दोन्ही बैठकांतल्या सर्वांनी एकत्र जमून एकमेकांची वही वाचावी.